निवेदन : पंचनाम्याअभावी अडकलेल्या विमा दाव्यांबाबत

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
जिल्हाधिकारी कार्यालय, वाशीम.

विषय : पूर व अतिवृष्टीत नुकसान झालेल्या विमाधारक दुकानदार, घरमालक व लहान कंत्राटदारांना पंचनाम्याची प्रत मिळणेबाबत व त्यांचे प्रलंबित दावे मार्गी लावणेबाबत.

संदर्भ : याच विषयावरील आमची यापूर्वीची निवेदने. पोचपावत्यांच्या छायाप्रती सोबत जोडल्या आहेत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा या सहाही तालुक्यांतील दुकानदार, आडतदार, घरमालक व शासकीय कामे करणारे लहान कंत्राटदार आपणास सविनय निवेदन सादर करतो. विषय आपल्या कार्यालयास नवीन नाही. तो निकाली निघाला असता तर हा कागद लिहावा लागला नसता.

गेल्या पावसाळ्यात, म्हणजे ऑगस्ट व सप्टेंबर २०२५ मध्ये, जिल्ह्यात काय झाले ते आपण जाणता. ऑक्टोबरमध्ये राज्य शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. शेतीच्या नुकसानीवर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. २०२३ च्या खरिपात १ रुपयात मिळणारा पीक विमा २०२५ मध्ये बदलला, स्थानिक आपत्तीचे संरक्षण त्यातून गेले, त्यावर मोर्चे निघाले. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी शेती आहे, त्या मोर्चांत आम्हीही होतो. पण याच जिल्ह्यात दुसऱ्या प्रकारचे विमाधारकही आहेत. दुकान, गोदाम, घर, बांधकाम यांचा विमा ते स्वतःच्या खिशातून उतरवतात. त्यांच्या हप्त्यात शासनाचा एक पैसा नसतो. आम्ही अनुदान मागत नाही. हप्ता भरला आहे, नुकसान झाले आहे, भरपाई कंपनीने द्यायची आहे. शासनाकडून हवा आहे तो फक्त एक कागद, आणि घोडे तिथेच पेंड खात आहे.

तलाठ्याकडे पंचनाम्यासाठी गेले की उत्तर मिळते, "तुमचा तर विमा आहे, तुम्हाला पंचनामा कशाला?" तेथून विमा कंपनीकडे जावे तर ती म्हणते, "महसूलचा पंचनामा नाही, मग दावा कसा धरायचा?" या दोन प्रश्नांच्या मध्ये आमचे लोक पावसाळ्यापासून उभे आहेत. कोणीही लेखी नकार देत नाही. लेखी दिला असता तर पुढे दाद मागता आली असती.

नेमके काय घडते हे कळावे म्हणून रिसोड तालुक्यातील पैनगंगेकाठच्या एका धान्य दुकानाची हकिगत देत आहोत. दुकानदाराचे नाव व कागदपत्रे सोबतच्या बंद लिफाफ्यात आहेत. रात्री नदीचे पाणी दुकानात शिरले. थप्पीचे खालचे तीन थर बुडाले. सोयाबीन व हरभऱ्याचे कट्टे, वजनकाटा, वह्या, सगळे पाण्यात गेले. सकाळी कंपनीच्या क्रमांकावर फोन लावून नोंद केली. सूचना मिळाली की सर्व्हेअर येईपर्यंत मालाला हात लावू नका, नाहीतर दावा बाद होईल. दुकानदाराने हात लावला नाही. भिजलेले सोयाबीन म्हणजे काय ते या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. दाणा फुगतो, कट्ट्याची शिवण उसवते, आत हात घातला तर चटका बसावा इतकी वाफ धरते आणि चौथ्या दिवशी कट्ट्याच्या विणीतून पांढरे कोंब बाहेर येतात. वास सुटला. शेजाऱ्यांनी तक्रार केली. रोगराई पसरेल म्हणून माल तातडीने हलवण्याची नोटीस ग्रामपंचायतीने बजावली, आणि त्यात ग्रामपंचायतीचे काही चुकले असे आम्ही म्हणत नाही. सर्व्हेअरचा पत्ता नव्हता. शेवटी दुकानदाराने मोबाईलवर फोटो व चित्रफीत काढून माल गावाबाहेर टाकला. त्यानंतर सर्व्हेअर आले. धुऊन काढलेल्या फरशीचे फोटो घेतले आणि अहवालात लिहिले की नुकसानग्रस्त माल जागेवर आढळला नाही.

दुकानदाराने फोटो दाखवले. कंपनीने महसूलचा पंचनामा मागितला. गावात पंचनामे झाले होते, पण नमुन्यात शेत आणि घर एवढेच रकाने, दुकानाला रकाना नाही म्हणून दुकान वगळलेले. मग निदान पावसाचा दाखला द्या म्हणून तहसिलात अर्ज केला. दाखला मिळाला, पण त्यात संबंधित महसूल मंडळात त्या दिवशी ६५ मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस, सबब अतिवृष्टी नाही, असे लिहून आले. कंपनीने तोच दाखला दाव्याच्या विरोधात लावला.

साहेब, पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यातून येते. पाऊस मेहकरकडे पडतो आणि पाणी रिसोड तालुक्यात चढते. मंडळाच्या ठिकाणचे पर्जन्यमापक कोरडे राहिले तरी नदीकाठचे दुकान बुडू शकते, हे सांगायला हवामानतज्ज्ञ लागत नाही. शिवाय ६५ मिलिमीटरची मर्यादा शासकीय मदतीची आहे. आमच्या पॉलिसीत पूर आणि पाणी शिरणे ही जोखीम धरलेली आहे, ते पाणी किती मिलिमीटर पावसाचे हे पॉलिसी विचारत नाही. शासकीय मदतीची फूटपट्टी खासगी कराराला लावली जाते आणि ती आमच्याच तहसिलच्या दाखल्याने कंपनीच्या हाती जाते, हे आमचे मुख्य दुखणे आहे. दाखल्यात पावसाबरोबर "गावात नदीचे पाणी शिरले होते" एवढी वस्तुस्थिती लिहायला कोणत्या नियमाची अडचण आहे, हे आम्हाला आजवर कोणी सांगितलेले नाही.

हीच गोष्ट आम्ही मागच्या निवेदनात लिहिली होती. त्यानंतर बैठक लागली. कंपन्यांचे प्रतिनिधी आले, चहा झाला. प्रलंबित दावे १५ दिवसांत निकाली काढू असे त्यांनी सर्वांसमोर सांगितले. दुकानांचेही पंचनामे करण्याबाबत तालुक्यांना पत्र जाईल, असेही त्याच बैठकीत सांगण्यात आले. ते १५ दिवस दिवाळीआधीच संपले. पत्र एकाही तालुक्यात पोचल्याचे दिसत नाही. बैठकीचे इतिवृत्त मागितले तर तयार होत असल्याचे कळले. ऑनलाइन तक्रारी केल्या, त्या "निकाली" दाखवून बंद झाल्या. काय निकाल लागला हे तक्रारदाराला ठाऊक नाही. लोकशाही दिनातही विषय मांडला, तिथेही बैठकीत ठरल्याप्रमाणे कार्यवाही होईल असेच उत्तर आले. ठरलेले कागदावर नाही आणि कागदावर नाही म्हणून कार्यवाही नाही.

यात बँकांचाही वाटा आहे. कॅश क्रेडिट घेतलेल्या दुकानदाराच्या मालाचा विमा बँक उतरवते, हप्ता खात्यातून कापते आणि पॉलिसी फाईलला लावून ठेवते. दुकानदार ती पहिल्यांदा पाहतो नुकसान झाल्यावर. तेव्हा कळते की पत्ता दुकानाचा आहे आणि माल तर मागच्या गल्लीतील गोदामात होता. किंवा हप्ता कमी बसावा म्हणून वादळ-पुराची जोखीमच काढून टाकलेली आहे, उरले आहे फक्त आगीचे संरक्षण. किंवा माल ४० लाखांचा आणि विमा २० लाखांचा, मग १० लाखांच्या नुकसानीवर हिशेब ५ लाखांपासून सुरू होतो. सहीचा कागद पुढे केला तेव्हा हे कोणी समजावून सांगितले नव्हते. इंग्रजीतली तीस पानी पॉलिसी वाचून घ्यायला हवी होती, असे आता सांगितले जाते. हप्ता कापला की पॉलिसीची प्रत आणि तिचा एक पानी मराठी सारांश खातेदाराच्या हाती द्यावा, यासाठी अग्रणी बँकेमार्फत सूचना काढणे आपल्या अखत्यारीत आहे.

घरमालकांचा प्रश्न थोडा निराळा आहे. आपला जिल्हा काळ्या मातीचा. पाऊस लागला की माती फुगते, उन्हाळ्यात आकसते. पुराचे पाणी आठवडाभर पायाशी साचून राहिल्यावर भिंतीला कोपऱ्यातून तिरकी भेग गेली तर कंपनी ती इमारत बसल्याची नेहमीची भेग ठरवते, आणि तशा भेगा विम्यातून वगळलेल्याच असतात. भेग पुराआधीची की नंतरची हे ठरवायला त्याच आठवड्यातील पाहणी लागते. शाखा अभियंत्याने दोन ओळींचा अभिप्राय दिला तर वाद मिटतो. पण शासकीय पाहणीत अंशतः पडझड म्हणून ६,५०० रुपयांची नोंद होते आणि विषय संपतो. ६,५०० रुपयांत आजकाल गवंडी व बेलदाराची आठवड्याची मजुरीही निघत नाही. घरमालकाला खरी भरपाई विम्यातून मिळणार होती, तिचा पुरावा त्या धावत्या पाहणीत राहून गेला.

कंत्राटदारांबाबत. शाळाखोल्या, पुलमोऱ्या, पाणीपुरवठ्याच्या टाक्या, सभागृहे अशी कामे करणारे आमचे सभासद मोठे ठेकेदार नाहीत. समृद्धी महामार्गावर काम केलेल्या कंपन्यांकडे विम्याचे वेगळे खाते आणि वकील असतात. आमच्याकडे एक मिक्सर आणि उधारीवर आणलेली सळई असते. निविदेतील अटीप्रमाणे कामाचा सर्व जोखमींचा विमा मुंबईच्या विमा संचालनालयाकडून घ्यायचा असतो, न घेतल्यास बिलातून १ टक्का कापला जातो. अट मान्य आहे. पण १ टक्का कापला म्हणजे विमा झाला, असा समज खालपर्यंत पसरलेला आहे आणि कार्यारंभ आदेश देताना तो कोणी दूर करत नाही. बिल निघते काम चढल्यावर, नाल्याला पूर येतो पाया उघडा असताना.

खासगी कंपनीची पॉलिसी ज्यांच्याकडे होती त्यांना आणखी एक कलम आडवे आले. पावसापासून बचावाचे पुरेसे उपाय केले असतील तरच भरपाई, आणि पुरेसे म्हणजे त्या जागी ठरावीक वर्षांत एकदा येणाऱ्या पुराचा हिशेब धरून केलेले, हवामान खात्याच्या आकडेवारीवर आधारित. नाल्यावरच्या मोरीचा पाया खणणाऱ्या माणसाने ही आकडेवारी कुठून आणायची? ती जलसंपदा, कृषी व महसूल या खात्यांकडे आहे. मागणीचा अर्ज दिला तर खाती एकमेकांकडे बोट दाखवतात. दरम्यान वाहून गेलेले काम कंत्राटदाराने स्वखर्चाने पुन्हा केले, कारण मुदत संपली की दंड लागतो. तो दंड लावण्यात मात्र कधी विलंब झालेला नाही.

२०१८ पासून आपला जिल्हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. अशा जिल्ह्यात चार पैसे बाजूला काढून विमा उतरवणारा दुकानदार दुर्मीळ. यंदा अनेकांनी नूतनीकरण केलेले नाही, करणार नाही असे ते उघड बोलतात. त्यांना काय सांगायचे ते आपणच सांगावे.

सबब आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१) पूर वा अतिवृष्टीनंतर दुकान, गोदाम व अपूर्ण बांधकाम यांचे पंचनामे शेती व घरांबरोबरच करावेत, विमा असल्याच्या कारणावरून कोणालाही वगळू नये. पंचनाम्यात पाणी किती उंचीपर्यंत आले, किती वेळ राहिले व ते नदीचे, नाल्याचे की पावसाचे, याची नोंद असावी. मालाचे ढोबळ वर्णन व जागेवरील फोटो जोडावेत. प्रत अर्जदारास ८ दिवसांत द्यावी. आरोग्याच्या कारणाने माल हलवण्याची नोटीस द्यायची असल्यास त्याआधी पंचनामा पूर्ण करावा. असे स्पष्ट लेखी आदेश सर्व तहसीलदार व गटविकास अधिकाऱ्यांना द्यावेत आणि त्याची प्रत आम्हास द्यावी. तोंडी आश्वासन आता नको.

२) पर्जन्याच्या दाखल्यात मंडळाच्या आकड्यासोबत नदी-नाल्याच्या पुराची वस्तुस्थिती नमूद करावी. गेल्या हंगामात दिलेले दाखले त्याप्रमाणे दुरुस्त करून द्यावेत.

३) प्रलंबित दाव्यांची कंपनीनिहाय यादी मागवावी. आम्ही आमची यादी सोबत दिली आहे, ताळा करून पाहावा.

४) बँकांनी पॉलिसीची प्रत द्यावी.

५) कार्यारंभ आदेशासोबत विम्याची स्थिती लेखी कळवावी व पुराची आकडेवारी एका खिडकीतून मिळावी. पुरात वाहून गेलेल्या कामांवरील दंड मागे घ्यावा.

६) मागील बैठकीचे इतिवृत्त द्यावे.

मृग ७ जूनला लागतो. त्याआधी, ३१ मेपर्यंत, मागणी क्रमांक १ चे लेखी आदेश न निघाल्यास १ जूनपासून आम्ही आपल्या कार्यालयासमोर साखळी उपोषणास बसू. सडलेल्या मालाचे काही कट्टे पुरावा म्हणून अजून जपून ठेवले आहेत, ते त्या दिवशी सोबत आणू. कायदा व सुव्यवस्थेची जबाबदारी आम्ही घेतो, इतर जबाबदारी प्रशासनाची राहील.

आपले नम्र,
वाशीम जिल्ह्यातील विमाधारक दुकानदार, घरमालक व कंत्राटदार
(सह्यांची तालुकानिहाय यादी सोबत)

सोबत : पूर्वीच्या निवेदनांच्या पोचपावत्या, प्रलंबित दाव्यांची यादी, फोटो व कागदपत्रांचा बंद लिफाफा.

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
मा. पालकमंत्री, वाशीम जिल्हा
मा. विभागीय आयुक्त, अमरावती
मा. पोलीस अधीक्षक, वाशीम (उपोषणाच्या पूर्वसूचनेसह)