बिनघोर हवेली

भायखळ्याला मसिना हॉस्पिटल आहे. तिथली जुनी इमारत म्हणजे डेव्हिड ससूनची हवेली. नाव 'सां सूसी'. फ्रेंच शब्द, अर्थ बिनघोर. काय नाव आहे च्यायला!

ससून हा छळाला कंटाळून बगदादहून पळालेला ज्यू. १८३२ साली मुंबईत आला आणि कापूस-अफूच्या व्यापारात गब्बर झाला. माळव्याची अफू मुंबईत बोटीवर चढायची नि चीनमध्ये माणसं पोखरायची. १८६४ ला तो वारला. मुलगा अब्दुल्ला, पुढं सर अल्बर्ट, यानं १८७५ साली कुलाब्याला ससून डॉक बांधला. मग विलायतेत स्थायिक होऊन १८९० ला बॅरोनेट झाला. हवेलीत आलं डॉ. होरमसजी मसिनांनी १९०२ साली काढलेलं हॉस्पिटल. वारसा सांगणारे इथंच थांबतात.

मी त्याच ससून डॉकवर मासळीच्या पाट्या उचलतो. म्हणून विचारतो : अफूच्या पेट्या कुणाच्या डोक्यावरून बोटीत गेल्या? हवेलीचे दगड कुणी चढवले? तिचे संडास कुणी उपसले? त्यांची नावं कुठल्या वहीत आहेत?

परवा जोडीदाराचा पाय बर्फाच्या लादीखाली चेंगरला. ठेकेदार म्हणाला, "हा आमच्या वहीत नाही." दीडशे वर्षं झाली, वही तीच.

मित्र म्हणतात, असल्या हवेल्या पाडा. मी म्हणतो, नाही. या सगळ्या मालकांच्या यादीत मला एकच बदल मोलाचा वाटतो. शेटजीच्या पलंगाच्या जागी रोग्याची खाट आली. मालक बदलला की फक्त कागद बदलतो. आत झोपणारा बदलला की इतिहास हलतो.

आणि खाट आपल्या हक्काची आहे. हायकोर्टानं मंजूर केलेल्या योजनेनुसार २००६ पासून महाराष्ट्रातल्या धर्मादाय हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धनांना फुकट आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आहेत. आम्ही मात्र व्याजानं पैसे काढून जोडीदाराला खासगी दवाखान्यात टाकलं. डॉकवर कुणालाच हे ठाऊक नव्हतं. मॅट्रिक झालेल्या मलासुद्धा नाही. कविता लिहीत बसलो होतो साला.

तेव्हा दोस्तांनो, हे वस्तीवस्तीत सांगा. म्हाताऱ्याकोताऱ्यांचे रेशनकार्ड, उत्पन्नाचे दाखले नीट करून ठेवा. कुणी हाकललं तर धर्मादाय आयुक्तांकडे लेखी तक्रार टाका. खाट मागताना मान खाली घालू नका. तिचं भाडं आपल्या पणज्यांनी डोक्यावरून वाहून कधीच चुकतं केलंय.