मोबाइल येतो, पण कळतो का?

"आमच्या पोराला मोबाइलमधलं सगळं येतं हो गुरुजी!" पालकसभेत हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मीही कौतुकानं मान डोलवायचो. पण गेल्या वर्षी माझ्या चौथीतल्या एका मुलानं अनोळखी माणसाला फोनवर ओटीपी वाचून दाखवला आणि आईच्या खात्यातले पैसे गेले. माराच्या भीतीनं पोरगा दोन दिवस गप्प राहिला. आकडे त्यानं अचूक वाचले होते. कुठं थांबायचं, हे मात्र आपण शिकवलंच नव्हतं.

पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा ॲपवरचा व्हिडिओ दाखवला, की डिजिटल साक्षरता झाली असं मला वाटत नाही. आता दर शनिवारी दहा मिनिटं मी वर्गात 'बँकेचा साहेब' होऊन ओटीपी मागतो. मुलं ओरडतात, "ओटीपी कुणालाच सांगायचा नसतो!" कधी व्हॉट्सॲपवरचा एखादा मेसेज फळ्यावर लिहून विचारतो, हे कुणी लिहिलं? खरं कशावरून? याला ना टॅब लागतो, ना इंटरनेट.

पालकांनो, तुम्ही एवढंच करा. मूल फोन बघतंय तेव्हा शेजारी बसा. आणि चुकलं तर मारू नका. त्यानं लगेच सांगितलं, तरच १९३० या सायबर हेल्पलाइनला वेळेत फोन करता येतो.