गाय गाभडली की गप्प बसायचं, ही रीत मोडा

आज पानवेलीचं नाही, गोठ्याचं लिहितोय. काहींना राग येईल, येऊ द्या.

आपल्या माहीम-केळव्याकडे कुणाची गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली की कारणं काय निघतात? उष्णता झाली. दुसऱ्या जनावराने ढुशी मारली. नजर लागली. मग मेलेलं वासरू अंधारात खाडीत टाकायचं आणि शेजाऱ्याला कळू द्यायचं नाही. कळलं तर दूध कोण घेणार, गाय कोण घेणार?

मीही हेच केलं. तीन वर्षांपूर्वी माझी गाय गाभडली. वार अडकली होती, ती उघड्या हाताने काढली. बोटाला कोयता लागलेला, त्यावर नुसती चिंधी. महिन्याभराने ताप सुरू झाला. संध्याकाळी चढायचा, रात्री घामाने अंथरूण भिजायचं, सकाळी मी बरा. कंबर आणि गुडघे असे धरले की वाडीत वाकता येईना. मलेरिया तपासला, टायफॉइडच्या गोळ्या झाल्या, सलाईन झालं. चार महिने गेले. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "घरी जनावरं आहेत का? एखादी गाभडली होती का?" रक्त तपासलं तर ब्रुसेला निघाला. सहा आठवडे दोन प्रकारच्या गोळ्या घेतल्या तेव्हा सुटलो.

तोवर ती गाय मी विकली होती. घेणाऱ्याला सांगितलं नव्हतं. रोग माहीत नव्हता हे खरं, पण गाभडली हे तर माहीत होतं ना! नंतर त्याच्या घरी गेलो, तर त्यानेही ती पुढे विकलेली.

या जंतूची लबाडी समजून घ्या. गाय बहुधा एकदाच गाभडते. पुढच्या वेताला नीट व्याली की आपण म्हणतो, बघा, नजरच होती. पण दुधातून आणि व्यायल्यावरच्या घाणीतून जंतू पडतच राहतात. गायीवर खात्रीचा इलाज नाही. २०१५ पासून राज्यात गोवंश कापायला बंदी आहे. त्या वादात मी पडत नाही, पण मग अशा गायीला वाट उरते ती बाजाराची. लपवून विकलेली एक गाय किती गोठे फिरते, हिशोब करा. २००९ च्या केंद्राच्या कायद्याने अशा रोगाचा संशय आला की मालकाने कळवायचं असतं. कोण कळवतं?

आणि ते धारोष्ण दुधाचं कौतुक पुरे झालं. उकळलं की हा जंतू मरतो. खरवस शिजवलेला असतो, तो खुशाल खा. वार, मेलेलं वासरू याला हात लावायचा तर हातमोजे घालूनच. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, नाहीतर कुत्री ओढून गावभर नेतात. घरातल्या गरोदर बाईला त्या जागी फिरकू देऊ नका.

आता लस. सप्टेंबर २०१९ ला केंद्राने लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेला या दोन रोगांसाठी १३,३४३ कोटींचा कार्यक्रम काढला. लाळ्या-खुरकूताच्या लसीला आपण जनावरं बांधून ठेवतो. ही दुसरी लस मागायला कोण जातं? कानात बिल्ला नको म्हणून कालवड परसात लपवणारे मी पाहिलेत. ही लस फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला आणि रेडीला, जन्मात एकदाच. खोंडाला नाही, गाभणीला नाही. जिवंत जंतूची लस आहे, टोचणाऱ्याच्या बोटात सुई गेली तर त्यालाही बाधते, म्हणून घरी उद्योग करू नका.

साहेब लोकांनाही सांगतो. शिबिराच्या दिवशी तीन महिन्यांची असलेली कालवड पुढच्या शिबिराला नऊ महिन्यांची होते, मग तिची वेळ गेली. कागदावर गाव झालं, गोठा तसाच. आणि वार काढायला येणाऱ्या तुमच्या माणसाला हातमोजे, चष्मा तरी द्या. तो रोज माझ्यासारखाच हात घालतो.

माझी धाकटी कालवड येत्या पंधरवड्यात चार महिन्यांची होते. दवाखान्यात नाव देऊन आलोय. लसीची बाटली एकदा तयार केली की लगेच संपवावी लागते, म्हणून माहीम-केळव्यात आणखी कुणाच्या कालवडी, रेड्या त्या वयाच्या असतील तर खाली लिहा. एका फेरीत सगळ्यांच्या होतील.