काठ मोकळा ठेवा, गिऱ्हाईक चालत येईल

मे महिना उजाडला की आमच्या बाजारपेठेत एकच रडगाणे सुरू होते. गिऱ्हाईक गावी गेले, शाळा बंद, लग्नसराई आटोपत आली, आता जूनमध्ये छत्र्या आणि वह्या विकल्या जातील तेव्हाच गल्ल्यात पैसा पडेल. खोटे कशाला बोला, हे रडगाणे आम्हीही गायलो आहोत. आमचे एक मावसभाऊ अमेरिकेत शिकागो शहरात किराण्याचे दुकान चालवितात. मागे ते सुट्टीवर आले असता हे सारे ऐकून हसले. म्हणाले, "भाईजान, आमचा तर खरा हंगाम उन्हाळ्यातच." मसाला लावून ठेवलेली मुर्गी, कोळशाच्या पिशव्या, कबाबच्या शिगा, नान, कागदी ताटे, आंब्याच्या पेट्या. हे सगळे जाते कुठे, असे आम्ही विचारले. "तलावावर," ते म्हणाले.

तलाव म्हणजे लेक मिशिगन. नावाला तलाव, पण पलीकडचा काठ दिसत नाही. लाटा आहेत, वाळू आहे, चौपाटी आहे, फक्त पाणी गोडे. हिवाळ्यात तिथे हाडे गोठविणारी थंडी आणि काठावर बर्फ. म्हणून मेअखेरच्या सोमवारपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत जे तीन महिने मिळतात त्यांत शहर घरात बसतच नाही. शहराच्या चौपाट्यांवर जायला तिकीट नाही. (गाडी उभी करण्याचे पैसे मात्र मोजून घेतात.) उत्तरेकडच्या काही श्रीमंत उपनगरांत बाहेरच्या माणसाकडून चौपाटीची फी वसूल करतात, हेही सांगितले पाहिजे. मावसभावाचे दुकान डेव्हन ॲव्हेन्यूवर. त्या रस्त्याच्या एका तुकड्याला गांधीजींचे आणि दुसऱ्या तुकड्याला जिनांचे मानाचे नाव दिलेले आहे, आणि दोन्हींकडचे दुकानदार शनिवारी सकाळी एकाच गिऱ्हाइकाची वाट पाहतात.

ऑगस्टमध्ये याच काठावर विमानांच्या कसरती होतात. 1959 साली बागखात्याने उन्हाळी शिबिरातल्या मुलांसाठी एक छोटासा जलसा केला, त्याचा खर्च 88 डॉलर. बचावपथकाचे प्रात्यक्षिक, पाण्यावरच्या कसरती, पोहण्याचे खेळ, एवढेच. त्यातूनच पुढे तो जलसा वाढला. नॉर्थ ॲव्हेन्यूच्या चौपाटीवर लाखो माणसे चटया टाकून बसतात आणि नौदलाची किंवा हवाई दलाची विमाने डोक्यावरून जातात. पाहायला दमडी लागत नाही. आपल्यातला हिशेबी माणूस इथे लगेच विचारील की मग नगरपालिकेला मिळते काय? मिळते ते तिकीटखिडकीवर नव्हे. हॉटेलच्या खोलीवर, जेवणावर, आइस्क्रीमवर जो कर बसतो त्यातून आणि ज्या दुकानदाराने त्या दिवशी दुप्पट माल विकला त्याच्या खुशीतून मिळते.

खाण्याच्या मेळ्याचेही तसेच. 4 जुलै 1980 रोजी एका हॉटेलवाल्याच्या सूचनेवरून मिशिगन ॲव्हेन्यूवर 'टेस्ट ऑफ शिकागो' भरला. एक लाख लोक येतील असा अंदाज होता, अडीच लाख आले. पुढच्याच वर्षी त्याला काठावरच्या ग्रँट पार्कात जागा द्यावी लागली. प्रवेश फुकट, खाणे विकत. आपल्या उरुसात आणि जत्रेत पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आले आहे. आम्हांला ते अमेरिकेकडून शिकायचे नाही. शिकण्यासारखे वेगळेच आहे, आणि ते व्यापाऱ्यांनी मुद्दाम वाचावे.

हा काठ मोकळा राहिला तो कुणा साधुसंताच्या कृपेने नव्हे. 1836 सालच्या एका नकाशावर अधिकाऱ्यांनी नोंद करून ठेवली होती की ही जागा सार्वजनिक आहे आणि तीवर इमारत होणार नाही. कागदावरची नोंद कागदावरच राहायची. पण माँटगोमेरी वॉर्ड नावाचा एक व्यापारी होता. 1872 पासून टपालाने माल विकणारा, मोठ्या सूचिपत्राचा धनी. त्याची पेढी त्या काठासमोर. काठावर कचरा, झोपड्या, तबेले झालेले पाहून तो 1890 साली नगरपालिकेविरुद्ध कोर्टात गेला आणि सुमारे 20 वर्षे, 1911 पर्यंत, लढत राहिला. दुसरा बडा दुकानदार मार्शल फील्ड याने मृत्युपत्रात संग्रहालयासाठी 80 लाख डॉलर ठेवले होते आणि ते संग्रहालय त्याच बागेत व्हावे असा घाट होता. वॉर्डने त्यालाही हरकत घेतली. वर्तमानपत्रांनी त्याला आडमुठा ठरविले. शेवटी संग्रहालय बागेच्या दक्षिणेला उभे राहिले आणि 1921 साली उघडले. बाग बाग राहिली. आपल्या पेढीसमोरची हवा मोकळी राहावी हा त्याचा स्वार्थ होता असे कोणी म्हणेल. असेल. असा स्वार्थ आमच्या बाजारपेठेत दहाजणांना सुटला तर आम्ही त्यांना हार घालू.

मोकळा काठ म्हणजे सर्वांना मोकळा, असेही तिथे नेहमी नव्हते. 27 जुलै 1919 रोजी युजीन विल्यम्स हा 17 वर्षांचा काळा मुलगा तराफ्यावर तरंगत 29व्या रस्त्याजवळच्या गोऱ्यांच्या हद्दीत गेला. पाण्यावर कसली हद्द? पण दगड आले, मुलगा बुडाला, पोलिसाने दगड मारणाऱ्याला पकडले नाही, आणि दंगलीत 38 माणसे मेली. नकाशावर 'सार्वजनिक' लिहिले असूनही हे झाले. कोण कुठे बसेल हे ज्याच्या हातात, त्याचाच काठ असतो. आणि आता तिथेही कुंपणे येतात. 2005 पासून ग्रँट पार्कात तिकिटाचा मोठा संगीतमेळा भरतो. 2023 साली जुलैत तिथल्या रस्त्यांवर मोटारशर्यत ठेवली आणि खाण्याचा फुकट मेळा सप्टेंबरात ढकलला गेला.

हे सगळे आम्ही का उगाळतो आहोत? आमच्या गावाच्या तलावासाठी. काही वर्षांपूर्वी सुशोभीकरणाच्या नावाखाली त्याला लोखंडी कुंपण पडले, फाटकावर माणशी 20 रुपये तिकीट बसले, आणि भेळ, कणसे, बर्फाचे गोळे विकणाऱ्या गाड्या हलविल्या. आत एका ठेकेदाराचे उपाहारगृह. पाच माणसांच्या कुटुंबाला आत जायलाच 100 रुपये. चहा पिण्याआधीच खिसा निम्मा. मग ते कुटुंब घरी बसते. आमच्या आयाबहिणींना संध्याकाळी मोकळ्या हवेत बसायची ती एकच जागा होती, ती गेली. आणि तलावाच्या रस्त्यावरची खेळण्यांची, चपलांची, मिठाईची दुकाने आठ वाजताच शटर ओढू लागली. ठेकेदाराने किती भरले हे आम्ही विचारणार नाही. बाजारपेठेने किती गमावले हे कुणी मोजले आहे का?

फुकट ठेवले की झाले, असेही नाही. जानेवारी 2024 मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर हवाई दलाच्या कसरती झाल्या, लोक खूश होऊन परतले. त्याच वर्षी 6 ऑक्टोबरला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर तसाच खेळ झाला. उन्हात अफाट गर्दी लोटली, आणि 5 जणांचा जीव गेला. पाणी, सावली आणि परतीची वाट ही तिकिटापेक्षा आधीची गोष्ट आहे. पाणी विकणारा, कलिंगड कापून देणारा गाडीवाला काठावरून हाकलला तर तहान भागविणार कोण?

गाडीवाल्यांचा प्रश्न शिकागोतही सुटता सुटत नव्हता. कणसे आणि कापलेली फळे विकणाऱ्या गाड्यांना तिथे 2015 साली परवानगी मिळाली, तीही खाणे परवान्याच्या स्वयंपाकघरात बनविण्याच्या अटीवर. आपल्याकडे 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. पाहणी होऊन प्रमाणपत्र दिल्याशिवाय विक्रेत्याला उठवू नये असे तो सांगतो. आमच्या गावात गाड्या आधी उठल्या. पाहणी झालीच नाही. दुकानदार आणि गाडीवाला हे एकमेकांचे वैरी, ही समजूतही सोडली पाहिजे. गाडीवर भेळ खायला आलेले गिऱ्हाईकच परतताना दुकानात पायरी चढते.

आम्ही नगरपालिकेकडे अर्ज दिला आहे. मागणी तीनच: उन्हाळ्याचे तीन महिने सायंकाळी पाचनंतर तिकीट नको, गाड्यांना नेमलेली जागा आणि पाण्याचा नळ द्यावा, आणि रस्त्यावरचे बंद दिवे लावावेत. पोच मिळाली आहे, उत्तर नाही. पहिल्या अर्जावर 11 दुकानदारांच्या सह्या होत्या. दुसरा अर्ज तयार आहे. सही करावयाची असेल त्यांनी शुक्रवारी दुपारी तीननंतर दुकानाचा शिक्का घेऊन यावे.