स्टॅटिन, गुग्गुळ आणि वैद्याचे उत्तरदायित्व

‘कोलेस्टेरॉलचा हृद्रोगाशी संबंधच नाही, स्टॅटिन हा केवळ औषधकंपन्यांचा बाजार आहे,’ असे विधान आपल्या व्यवसायबंधूंमध्ये वारंवार कानी पडते. या विधानाच्या बळावर रुग्णाची गोळी बंद करण्यापूर्वी मूळ वाद कशाविषयी आहे, हे तपासणे अगत्याचे आहे.

ज्यास हृद्रोग नाही व ज्याचा एकूण धोकाही अल्प आहे, अशा व्यक्तीस आयुष्यभर स्टॅटिन द्यावे काय, हा प्रश्न खरोखरच वादाचा आहे. झटका येऊन गेलेल्या रुग्णाबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियन चाचणीत ४,४४४ हृद्रोगी पाच वर्षांहून अधिक काळ निरीक्षणाखाली होते. सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांत १८२, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत २५६ मृत्यू झाले. दोन्ही गट जवळपास समसमान होते.

आता आपल्या गुग्गुळाकडे पाहू. सुश्रुतोक्त मेदोरोगाच्या संप्राप्तीचा आधार घेऊन जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात गुग्गुळावरील प्रबंध सिद्ध केला. त्यातूनच पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी अनुसंधान संस्थेत गुग्गुलिपिड विकसित झाले. भारतीय अभ्यासांत कोलेस्टेरॉल घटल्याचे आढळले. परंतु २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, १०३ व्यक्तींवरील आठ आठवड्यांच्या अमेरिकी चाचणीत एलडीएल किंचित वाढले. तेथे केवळ अर्क वापरला, प्रकृती व अग्नी यांचा विचार झाला नाही, हा आक्षेप रास्त आहे. तथापि, त्यामुळे गुग्गुळ मृत्यू टाळतो असे सिद्ध होत नाही.

औषधालयचालकांनीही एक गोष्ट ध्यानी ठेवावी. गुग्गुलिपिडसोबत डिल्टियाझेम वा प्रोप्रॅनोलॉल घेतल्यास त्या औषधांची रक्तातील मात्रा घटते, असे १९९४ साली भारतातच नोंदविले गेले आहे. म्हणून गुग्गुळकल्प देताना रुग्ण अन्य कोणती औषधे घेतो, हे विचारणे आवश्यक होय.

झटका, स्टेंट वा बायपास यांचा इतिहास असलेल्या रुग्णाचे स्टॅटिन वैद्याने परस्पर थांबवू नये. स्नायुशूलादी तक्रार असल्यास हृद्रोगतज्ज्ञास लेखी कळवावे. आहार, व्यायाम, निद्रा, व्यसनमुक्ती व अग्निरक्षण हे आपले क्षेत्र विस्तीर्ण आहे. त्यात चिकित्सा करावी, चिकित्सेपूर्वीचे व नंतरचे लिपिड-अहवाल जपावेत आणि यश-अपयश दोन्ही याच त्रैमासिकात मांडावे. गुग्गुळाविषयीचा आपला दावा अशा नोंदींवरच उभा राहील.