नाटकाचा तास कोणी पळवला?

जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या पुष्कळ हायस्कुलांत कलेचा तास वेळापत्रकात असतो, पण वर्गात नसतो. त्या तासाला गणिताचा राहिलेला धडा उरकला जातो. नाट्यमंडळ स्नेहसंमेलनापुरते जन्माला येते आणि पडदा पडला की संपते. याविरुद्ध कोणी ब्र काढत नाही. उलट आपलेच पालक विचारतात, "पोरगं नाटक करून काय करणार? मार्क पडले पाहिजेत." मार्क पडलेच पाहिजेत, याबद्दल आमचे दुमत नाही. पण अभ्यास एकीकडे आणि नाटक दुसरीकडे, ही वाटणी आपल्या चळवळीने कधी केली नव्हती.

महात्मा फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिले. ग्रहांची भीती घालून जोशी एका शेतकरी जोडप्याला लुबाडतो. डोळे उघडल्यावर ते नवराबायको रात्रीच्या शाळेची वाट धरतात. म्हणजे आधुनिक मराठी नाटकाच्या उगमापाशीच शाळा उभी आहे. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारले. का नाकारले, हे वाचकांना सांगायला नको. पुढे १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरले आणि अक्षरओळख नसलेल्या माणसांपर्यंत बाबासाहेबांचा विचार पोहोचला. बाबासाहेबांनी उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयात प्रा. म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' लिहिले आणि १९५६ साली नागपुरात धम्मदीक्षेच्या प्रसंगी ते अफाट जनसमुदायासमोर सादर झाले. ज्या समाजाचे नाटक शाळा-कॉलेजातून असे उभे राहिले, त्याच समाजाच्या मुलांना आज नाटक म्हणजे चैन आहे असे सांगितले जावे, यासारखी शोकांतिका नाही.

आता कायदा पाहू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा; तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचे कलम २९ सांगते की अभ्यासक्रमाने बालकाचा सर्वांगीण विकास साधावा, त्याला भयमुक्त करावे आणि आपले मत मोकळेपणाने मांडायला मदत करावी. याच कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक देण्याची तरतूद आहे. पण हा हक्क सहा ते चौदा वयापुरता. नववीत पाय ठेवला की कायद्याचा हात सुटतो. नेमके ज्या वयात मुलाला बोलायचे असते, त्याच वयात त्याला गप्प बसवले जाते. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते की अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम अशी ताठर भिंत नको. पण माणूस नेमला नाही, तास दिला नाही, तर ते वाक्य कागदावरच राहणार.

भयमुक्त होणे म्हणजे काय, हे आम्हाला कोर्टात कळते. अत्याचाराच्या खटल्यात खरे सांगणारा साक्षीदार उलटतपासणीत अडखळतो. त्याच्याकडे सत्य असते; पण चार परक्या माणसांसमोर सरळ नजरेने, सलग बोलण्याची सवय त्याला कोणी लावलेली नसते. ही सवय चाळिशीत लागत नाही. चौदाव्या वर्षी वर्गासमोर उभे राहून, दुसऱ्याचे वाक्य ऐकून आपले वाक्य बोलताना ती लागते.

मात्र नाट्यमंडळ आहे एवढ्यावर समाधान मानू नका. राजा कोण होतो, हुजऱ्या कोण होतो, आणि खुर्च्या कोण उचलतो, तेही बघा. पात्रांची निवड करताना रंग, आडनाव आणि 'शुद्ध' उच्चार मोजले जात असतील, तर ती शाळा रंगमंचावर गावकुसाचीच शिकवण देते. मुलांची घरची बोली रंगमंचावर आली पाहिजे. ती अशुद्ध नाही.

पैसा नाही, ही सबब चालणार नाही. जलशाला डफ आणि मोकळा चौक पुरत होता. एक वर्गखोली, आठवड्याचा एक राखीव तास आणि एक जबाबदार शिक्षक एवढ्यावर नाट्यमंडळ वर्षभर चालते.

मग करायचे काय? कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा असते. शाळेचा विकास आराखडा हीच समिती तयार करते. त्या जागा आपल्या आहेत. त्या रिकाम्या ठेवू नका, किंवा नुसत्या सहीपुरत्या भरू नका. नाटकाचा तास, कलानिदेशकाचे पद आणि भूमिकांची न्याय्य वाटणी या तीन गोष्टी आराखड्यात लेखी घ्या. हायस्कुलाच्या समितीतही हीच मागणी लावून धरा.

'शिका' या आदेशात बोलायला शिकणेही आले. ज्याला आपले म्हणणे मांडता येत नाही, त्याच्या वतीने दुसराच कोणी बोलतो, आणि तो स्वतःच्या सोयीचे बोलतो. हे आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. पुढच्या पिढीने तरी का भोगावे?