घुमट आधी की माणसे?

सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जाणारे आपले पुष्कळ लोक बोरीबंदरला उतरतात. तिथून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, फोर्टमधल्या जुन्या मेडोज स्ट्रीटवर, सेंट पीटरचे आर्मेनियन चर्च आहे. 1796 साली बांधलेले. ज्यांनी बांधले त्या आर्मेनियन व्यापाऱ्यांचा समाज आता मुंबईत जवळजवळ उरलेला नाही. शेजारच्या इमारतीचे नाव मात्र 'अरारात'. हा त्यांचा मानाचा डोंगर. तो मायदेशातून डोळ्यांना दिसतो, पण आहे तुर्कस्तानच्या हद्दीत.

आर्मेनियन चर्चची खूण म्हणजे दगडी बांधकाम, मधोमध बुरुजासारखा उंच भाग आणि त्यावर टोकदार कळस. इराणचा शहा अब्बास याने 17 व्या शतकाच्या सुरुवातीला या लोकांना घरादारासकट उठवून इस्फहानला नेले. तिथे त्यांनी जे मोठे चर्च उभारले, त्यावर घुमट आला तो इराणी मशिदीच्या धाटणीचा! वरच्या क्रुसावरूनच काय ते ओळखायचे. हिंदुस्थानात आलेले आर्मेनियन बहुतेक तिथलेच. त्यांच्या एका धर्मगुरूने 1794 साली मद्रासला 'अझ्दारार' काढले. आर्मेनियन भाषेतले ते जगातले पहिले नियतकालिक. परमुलखात आपल्या लिपीत छापायचे म्हणजे काय कष्ट, हे साप्ताहिक चालवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

पुढे 1915 पासून उस्मानी राजवटीत लाखो आर्मेनियन मारले गेले, उरलेले देशोदेशी पांगले. न्यूयॉर्कला त्यांनी 1968 साली मोठे चर्च उघडले, ते मायदेशातल्या 618 सालच्या चर्चच्या नमुन्यावर. मुलूख सुटला की त्याचा आकार तरी जवळ असावा असे वाटते. हे आम्हाला समजते. नागपूरच्या दीक्षाभूमीचा घुमट सांचीची आठवण देतो, तो उगाच नव्हे.

तरी आमचे मत सांगतो. वस्तीत विहाराची वर्गणी निघाली की घुमट आधी की अभ्यासिका आधी, असा वाद होतोच. आम्ही अभ्यासिकेच्या बाजूचे. कोलकात्यातही आर्मेनियन समाज आता थोडाच आहे आणि चर्च 1724 चे. पण 1821 साली त्यांनी तिथे शाळा काढली. आर्मेनिया, इराण इथून मुले तिथे येऊन वसतिगृहात राहून शिकत आली आहेत, आणि चर्चमध्ये प्रार्थना गातात ती हीच मुले.